बूथप्रमुख वांडाची साक्ष

१९ मार्च १९७४ रोजी सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी काझिकने एलिसेओ बारागानच्या तोंडावर पाइपाचा पाना मारला. पहिला फटका गालफडावर बसला, दुसरा डाव्या डोळ्यावर. एलिसेओ मतदान यंत्रावर आपटून खाली घसरला, तेव्हा काझिकने त्याच्या बरगड्यांत लाथा घातल्या. चार. हे घडलं वांडा प्रुस्काच्या तळघरात, बॉयलर आणि कपडे धुण्याच्या टाकीच्या मधल्या जागेत. रांगेत त्या वेळी नऊ माणसं होती. एकानेही आपली जागा सोडली नाही.

काझिक हा वांडाचा धाकटा भाऊ. आई गेल्यावर तिनेच वाढवलेला. आणि वांडा ही शिकागोच्या दक्षिण टोकाला, पोलादाच्या कारखान्याला लागून असलेल्या चार गल्ल्यांची पक्षाची बूथप्रमुख. सव्वीस वर्षांपूर्वी तिचा नवरा वितळलेल्या पोलादाच्या पात्राखाली गेला. कारखान्याने पेटी बंद करूनच दिली. आत काय आहे ते तिने विचारलं नाही. त्याच आठवड्यात वॉर्डाध्यक्षाने तिच्या दारात कोळसा टाकला, काझिकला पालिकेच्या ट्रकवर चिकटवलं आणि तिचं तळघर मतदान केंद्रासाठी घेतलं. तेव्हापासून ती पक्षाची झाली.

कामाला ती वाघीण होती. चारशे अडतीस मतदारांपैकी कोण पाळीवरून कधी सुटतो, कोणाला दारू पिण्याआधी गाठायचं, हे तिला तोंडपाठ. कायद्याने केंद्रात दुसऱ्या पक्षाचेही अधिकारी लागत, पण त्या गल्ल्यांत दुसऱ्या पक्षाचं माणूस औषधालाही नव्हतं. म्हणून वांडाची जाऊ हेलेना दर निवडणुकीत दिवसभरापुरती विरोधक व्हायची आणि संध्याकाळी पुन्हा घरची. म्हाताऱ्या मतदारांबरोबर वांडा स्वतः पडद्याआड जायची आणि त्यांचं बोट योग्य खटक्यावर ठेवायची. म्हाताऱ्या माणसाला रस्ता ओलांडून द्यावा तसं तिला ते वाटे.

त्या वर्षी पक्षाचे सरळ दोन तुकडे होते. वॉर्डाध्यक्ष डिनीनची माणसं स्वतःला मवाळ म्हणवत. कारखाना, चर्च, पोलीस, कोणाशी वाकडं नको, सगळं हळूहळू करू, असं त्यांचं म्हणणं. बोलणं हळूहळू, हात मात्र भरभर. दुसरीकडे पुरोगामी: कारखान्यातले मेक्सिकन कामगार, शाळामास्तर, वकील. त्यांची उमेदवार ज्युडिथ लँगर. राज्याच्या विधिमंडळासाठी पक्षाचा उमेदवार मार्चात पक्षाच्याच मतदारांनी निवडायचा होता. इथे जो मार्चात जिंकला तो नोव्हेंबरात जिंकलाच.

एलिसेओ कारखान्यात क्रेन चालवायचा. वय पंचवीस. लँगरबाईंचा मतदान प्रतिनिधी म्हणून तो पहाटेपासून तळघरात उभा होता. चेस्लाक आजी वांडाच्या हाताला धरून पडद्याकडे निघाल्या, तसा तो आडवा आला.

"दोन्या वांडा," स्पॅनिशमध्ये थोर बाईला मान देऊन बोलावतात तसं तो म्हणाला, "पडद्याआड एकच माणूस."

"अरे, तिला दिसत नाही."

"मग दोन अधिकारी नेतील. तुम्ही नाही."

"सव्वीस वर्षं नेतेय मी. तू तेव्हा चड्डीत होतास."

"तेव्हा मी आईच्या पोटातसुद्धा नव्हतो. म्हणूनच म्हणतो, आता पुरे."

रांगेत कोणीतरी हसलं. वांडाचा आवाज चढला. वर दाराशी डिनीनने काझिकला उभं केलं होतं. बहिणीचा आवाज ऐकून तो पायऱ्या उतरला.

रुग्णवाहिका गेल्यावर हेलेनाने फरशी पुसली. मतदारयादीवर रक्त सांडलं होतं. त्याखालची पाच नावं वांडाने आठवून पुन्हा लिहिली. वीस मिनिटांत मतदान सुरू झालं. पोलिसांना हेलेनाने सांगितलं, "पोरगा जिन्यावरून पडला." वांडा म्हणाली, "मी यादी बघत होते."

लँगरबाई दोनशे बारा मतांनी जिंकल्या. एलिसेओचा डोळा काढावा लागला. त्याने काझिकवर फिर्याद केली आणि सुनावणी लागली २१ ऑक्टोबरला, मुख्य निवडणुकीच्या पंधरा दिवस आधी.

एप्रिलातच दोन्ही गट एका टेबलावर जेवले होते, खांद्यावर हात टाकून फोटोही निघाले होते. सप्टेंबरात डिनीन आणि लँगरबाईंची प्रचारप्रमुख फ्रान्सिस ॲडलर अशी दोघं एकाच गाडीतून वांडाकडे आली. तिने पुढे ठेवलेल्या पिरोगी, बटाटा भरलेल्या उकडलेल्या करंज्या, डिनीनने खाल्ल्या, फ्रान्सिसने बाजूला सारल्या.

"नोव्हेंबरात आपण सगळे एक," डिनीन म्हणाला.

"आणि त्यात हा खटला," फ्रान्सिस म्हणाली. "वर्तमानपत्रं काय छापतील?"

"छापतील की या पक्षात डोळे फोडतात," वांडा म्हणाली.

"तू त्या पोराला समजाव," डिनीन म्हणाला. " फिर्याद मागे घे म्हणावं."

"पोरगा तर या बाईंचा. त्यांनीच सांगावं."

"सांगितलं," फ्रान्सिस म्हणाली. "त्याने दार लावून घेतलं."

वांडा गेली. एका डोळ्याने अंतराचा अंदाज येत नाही म्हणून एलिसेओला क्रेनवरून उतरवलं होतं. आता तो भट्टीखालची राख ओढायचा. त्याने दार उघडलं, पण आत बोलावलं नाही.

"तुम्हालाही पाठवलं?"

"पाठवलं."

"माझ्या बाजूची बाई म्हणते माघार घे. तुमच्या बाजूचा बाप्या म्हणतो माघार घे. मार्चात कुठे होती ही एकी?"

वांडाने त्याच्या हातांवरची राख बघितली.

"मी माघार घेणार नाही," तो म्हणाला. "तुम्ही कोर्टात सांगा, यादी बघत होते म्हणून. दुसरा कोणी साक्षीदार तोंड उघडणार नाही. काझिक सुटेल, मी घरी जाईन. पण ते तुमच्या तोंडून होऊ दे. माझ्या नाही."

सुनावणीच्या आदल्या दिवशी, रविवारी, काझिक चर्चमधून सरळ तिच्या स्वयंपाकघरात आला. त्याने तिचं मानगूट धरलं आणि तोंड पेटत्या शेगडीवर नेलं. भुवया करपल्याचा वास आला तेव्हा सोडलं.

"माझ्या दोन पोरी शाळेत आहेत, वांडा. तुरुंगात गेलो तर ट्रक जाईल. कळतंय?"

"कळतंय."

"मग उद्या काय बघत होतीस?"

तिने शेगडी बंद केली. काझिकला ते होकारासारखं वाटलं.

कोर्टात ती करपलेल्या भुवयांनीच उभी राहिली. "दोन फटके पान्याचे. चार लाथा. माझ्या भावाने मारल्या."

बचावाचा वकील उठला. "पोलिसांना तुम्ही वेगळं सांगितलं होतं."

"खोटं सांगितलं होतं."

"मग आज खरं का सुचलं?"

"भांडण माझं होतं," वांडा म्हणाली. "डोळा त्याचा गेला."

काझिक दोषी ठरला. शिक्षा डिसेंबरात ठरणार होती, तोवर जामीन. संध्याकाळी पाचला तो तिच्या घरी आला. तिचा उजवा हात टेबलाच्या कडेवर आडवा धरून त्याने वरून कोपराने दाब दिला. मनगट मोडल्याचा आवाज दोघांनीही ऐकला. ती खुर्चीत बसली. मग त्याने गाडी काढली आणि तिला दवाखान्यात नेलं.

खिडकीपाशी अर्ज भरायचा होता. तिचा हात मोडलेला, म्हणून पेन त्याने घेतलं.

"इथे विचारतात, इजा कशी झाली. काय लिहू?"

"लिही, भावाने मोडलं."

त्याने तसं लिहिलं.

चार दिवसांनी पक्षाचं पत्र आलं. वांडा प्रुस्का यांना बूथप्रमुखपदावरून मुक्त करण्यात येत आहे. केंद्र न्हाव्याच्या दुकानात हलवलं आहे. खाली दोन सह्या होत्या, डिनीनची आणि फ्रान्सिस ॲडलरची. दोन्ही गटांनी त्या वर्षी मिळून काढलेलं ते पहिलं पत्र.

५ नोव्हेंबरला वांडा सकाळी सहालाच बाहेर पडली, हात गळ्यात अडकवलेला. कोटावर पक्षाचा बिल्ला नव्हता. पहिल्याच गल्लीत वरच्या मजल्यावरून बिअरची बाटली आली आणि तिच्या पायाशी फुटली. मागोमाग शब्द: "भाऊखाऊ!" तिने वर बघितलं. "यानेक, तुझी बायको अजून मतदानाला गेली नाही. उठव तिला." दुसऱ्या गल्लीत तिच्यावर कुत्रं सोडलं, पोटरीतून रक्त आलं ते रुमालाने बांधून ती पुढे गेली. समोरच्या फुटपाथवर एलिसेओ दारं ठोठावत होता. त्याच्या कोटावर बिल्ला होता. दोघांनी एकमेकांना बघितलं आणि आपापली बाजू धरली.

दुपारी दोनला तिने काझिकचं दार वाजवलं. तो बनियनवर होता, दाढी वाढलेली.

"मत दिलंस?"

"त्या लँगरबाईला? डोकं फिरलंय तुझं? आणि डिनीनने तुला काढलंय ना?"

"डिनीन कोण मला काढणारा? यादीत तुझं नाव आहे. सहाला केंद्र बंद होतं."

काझिकने तिच्या हाताच्या प्लास्टरकडे बघितलं. मग पोटरीकडे.

"हे कोणी केलं?"

"कुत्र्याने. कोट घाल."

त्याने कोट घातला. दोघं न्हाव्याच्या दुकानापर्यंत चालत गेली. त्याने मत दिलं, ती बाहेर थांबली. आत पडद्याआड त्याने कोणता खटका दाबला हे तिने विचारलं नाही.