बिल्ड लागला की आम्ही उठायचो

जमीर गेल्याचा फोन आला तेव्हा मी तळवडे चौकात गाडी बंद करून बसलो होतो. सकाळच्या शिफ्टच्या बसगाड्या एकमेकींना आडव्या लागल्या होत्या आणि पुढचं काही हलत नव्हतं. फोनवर त्याचा मेहुणा होता. "दत्ताभाऊ, भाईजान गेले. पहाटे छातीत दुखलं... हॉस्पिटलला पोचायच्या आत..." पुढचं मला ऐकू आलं नाही, किंवा आलं असेल, आठवत नाही. मागचे हॉर्न वाजवत होते, कुणीतरी काचेवर हात आपटून "ओ राव, निघा की" म्हणत होतं, आणि मी मनात म्हणत होतो, राहू द्या जरा, आत्ता काहीच पुढं जायला नको. रस्ता कधी मोकळा झाला आणि मी त्याच्या रुपीनगरच्या घरी कसा पोचलो, ते अजूनही धुक्यातच आहे.

जमीर आणि मी एकाच कंपनीत, शेजारशेजारच्या खुर्च्यांवर, कितीतरी वर्षं. चाकणच्या कारखान्यांत पत्रा दाबणारे प्रेस असतात, त्यांच्या सुरक्षेचे प्रोग्राम आम्ही लिहितो. माणसाचा हात आत असताना प्रेस खाली येऊ नये, एवढंच काम. बोलायला एवढंच, पण आमच्याकडे टपरीवर चहाचा ग्लास धरणाऱ्या हातांची बोटं मोजली, की त्या एवढ्याचं मोल कळतं. प्रेसला नाना तऱ्हेचे सेन्सर असतात. दाराचा, हात आडवा आला की कळवणाऱ्या प्रकाशाच्या पडद्याचा, दोन्ही हातांनी दाबायच्या बटणांचा. प्रत्येकाची 'थांब' म्हणायची रीत निराळी. जमीरने या सगळ्या प्रकारांची एक यादी बांधली होती, आणि ती प्रोग्राम चालताना नाही, तर प्रोग्राम तयार होतानाच तपासली जायची. सी प्लस प्लस या प्रोग्रामच्या भाषेत टेम्प्लेट म्हणून असतात, म्हणजे साचे. त्यांच्या जोरावर कंपायलर, म्हणजे आपलं लिहिलेलं मशीनच्या भाषेत उतरवणारा, यादीतला पहिला प्रकार उचलायचा, 'तुला थांबवता येतं का?' असं विचारायचा आणि उरलेल्या यादीला पुन्हा तोच प्रश्न. मग त्या उरलेल्यातला पहिला... असं करत करत यादी रिकामी होईपर्यंत. एकाचंही उत्तर राहिलं तर प्रोग्राम तयारच व्हायचा नाही. "जी काय बोंब व्हायची ती इथं ऑफिसात होऊ दे, तिकडं प्रेसखाली नको," असं जमीर म्हणायचा. मला सगळ्यात नवल वाटायचं ते याचं, की प्रत्यक्ष प्रेस चालू होतो तेव्हा ही यादी कुठेच नसते. तिचं काम आधीच संपलेलं असतं, उरतं ते फक्त तिनं लावलेलं वळण. हे मी त्याला एकदा ऐकवलं तर म्हणाला, "दत्ता, तू पुरवणीत लिहीत जा." आता लिहितोय, तर वाचायला तो नाही.

असा मोठा शहाणा, पण निघोज्याच्या एका कारखान्यात त्यानं केलेली फजिती सांगायलाच हवी. यादीत नवा प्रकार घालताना तो पुढून घातला जायचा, त्यामुळे बांधून होईस्तोवर सगळी यादी उलटी. तपासणीला उलटसुलट सारखंच, म्हणून कुणाच्या लक्षात आलं नाही. पण प्रेसच्या स्क्रीनवरचे दिवे त्याच क्रमानं उमटले, आणि पुढच्या दाराचा दिवा सगळ्यांत शेवटच्या जागी गेला. हे जमीरच्या ध्यानात यायला बरेच महिने लागले. ओशाळून आम्ही दोघं दुरुस्तीला गेलो तर तिथले जुने ऑपरेटर, सगळे त्यांना मामा म्हणत, आडवे आले. "आता न्हाई बदलायचं. डोळ्याला सवय झाली आमच्या. सुलटं केलं तर आमी चुकू." जमीरने त्या दिव्यांवरून एकदा बोट फिरवलं. मग हसून म्हणाला, "मामा, तुमचंच खरं." येताना गाडीत मात्र स्वतःला शिव्या घालत होता. ती यादी आजही उलटीच आहे, आणि तिनं मामांच्या हातांना कधी दगा दिलेला नाही.

या यादीची एक खोड होती, ती भयंकर सावकाश होती. दर वेळी पहिला वेगळा, उरलेले वेगळे, त्या उरलेल्यांसाठी नवा साचा, त्यातून आणखी नवा... कंपायलर बिचारा जिने उतरत खोल खोल जायचा आणि तितकेच पुन्हा चढून यायचा. प्रोग्राम तयार करण्याच्या या खटाटोपाला आम्ही बिल्ड म्हणतो. जमीर बिल्ड लावायचा, टेबलावर पेनाने टकटक करायचा आणि म्हणायचा, "लागला. चल." की आम्ही उठायचो. मागच्या जिन्याला एक गॅलरी आहे, तिथं जाऊन उभं राहायचं. खाली वर्कशॉपांचे पत्रे, त्यांवर ऊन, कुठंतरी ग्राइंडरचा आवाज, आणि लांब देहूकडचे डोंगर, कधी दिसणारे, कधी नुसते असावेत असं वाटणारे. तिथं वेळ जात नसे, तरंगत असे. आत एक यादी संथपणे उलगडते आहे, आपल्याला काही करायचं नाही, असं ते सुख. दोस्ती कुठं झाली असं कुणी विचारलं तर मी सांगेन, कंपायलरच्या पोटात.

खरं तर त्या दिवसांत मी कुणाशी बोलत नव्हतो. चऱ्होलीची आमची जमीन बिल्डरला गेली, त्या व्यवहारात थोरल्या भावाचं आणि माझं बिनसलं. एकाच घरात तो वर, मी खाली, आणि बोलणं बंद. आई रोज विचारायची, "बोलला का रं दादाशी?" आणि मी चप्पल घालून बाहेर पडायचो. ऑफिसातही खुर्चीत रुतून बसायचो, डबासुद्धा तिथंच. जमीरने कधी खोदून विचारलं नाही. तो आपला त्याच्या अब्बांच्या गॅरेजच्या गमती सांगायचा, कधी नुसताच गप्प राहायचा. मग एका दुपारी माझं मीच सुरू केलं. त्या बिल्डला थोडं, पुढच्याला थोडं, असं करत सगळं सांगून झालं. वरून खुर्ची ओढल्याचा आवाज येतो तेव्हा मला काय वाटतं, तेही. तो म्हणाला, "फोन नको करूस. फोनवर माणूस भांडतो. जिना चढ." मी उडवून लावलं. पण पुढं एका रविवारी चढलो. दादाने दार उघडलं, आत सरकला आणि बसायला जागा केली. आता आमच्याकडे वरचा चहा खाली येतो. याचं श्रेय जमीरने कधी घेतलं नाही, मी देऊ गेलो तर विषय बदलला.

यादी झटपट उलगडायची नवी पद्धत भाषेत येऊन बराच काळ लोटला होता. सगळे प्रकार एकदम पसरून ठेवायचे आणि सगळ्यांना एकाच वेळी विचारायचं, जिने नाहीतच. जमीरनेच ती आमच्या नव्या पोरांना फळ्यावर छान समजावून दिली होती. मी तेव्हा म्हटलं होतं, "मग आपलंही करून टाकू की." तो म्हणाला, "करू रे. घाई काय लागलीय." जमीरला आळस! मला हसू आलं होतं.

तो गेल्यावर काही दिवसांनी आमच्या मॅनेजर मॅडमनी मला बोलावलं. त्यांनाही वाईट वाटत होतं, पण म्हणाल्या, "आता तरी ते बदला, सगळ्यांचा वेळ जातो." मी हो म्हणून आलो आणि टाळत राहिलो. ती यादी मोडायची म्हणजे गॅलरीच पाडायची, असं वाटायचं. तिच्यामुळे मला अजून दिवसातून काही वेळा उठावं लागत होतं, त्याच्या जागेशेजारी उभं राहता येत होतं. ते गेलं की जमीर पुरताच गेला... पण किती दिवस टाळणार? शेवटी बसलो. सगळे प्रकार तेच, सगळे प्रश्न तेच, मामांचा उलटा क्रमही जपला. बिल्ड लावला आणि पेन उचलेपर्यंत झाला. आजूबाजूच्या पोरांनी टाळ्या वाजवल्या. मला रडू येत होतं.

संध्याकाळी मी तडक रुपीनगरला शाहीन वहिनींकडे गेलो. जमीरचं काम नीट लावलं, हे घरी सांगायला हवं असं वाटलं. त्याच्या खोलीत त्याची पुस्तकं तशीच होती, खिडकी उघडी होती. मी सांगितलं, वहिनी, तो ज्यापायी रोज उशिरा यायचा ते आता चुटकीसरशी होतं. बोलता बोलता माझं मलाच कळलं, की जी माझी गॅलरी, ती यांची वाट बघायची वेळ होती. मी घाईघाईने खोटंच म्हटलं, "तेव्हा ही पद्धत नव्हती ना, नाहीतर त्यानंच..."

"होती की," वहिनी म्हणाल्या. "इथंच बसून करून दाखवली होती मला. लई खूश होते. मी म्हटलं, मग लावा ना उद्यापासून, लवकर घरी याल. तर म्हणाले, दत्ता एरवी खुर्चीतून उठतच नाही गं. हे लागलं की उठतो, बोलतो. झटकन झालं तर तो बोलायचा कधी?"

मी त्याचं एक पुस्तक उचललं आणि परत जागेवर ठेवलं.

"पण वहिनी, माझं तर कधीच मिटलं होतं," मी म्हटलं. "दादाशी बोलायला लागून किती दिवस झाले."

"ते पण सांगितलं होतं त्यांनी. मी म्हटलं, आता तरी लावा. तर म्हणाले, आता मला सवय झाली." वहिनी हसल्या आणि डोळे पुसत उठल्या. "मीच म्हटलं मग, राहू द्या तसंच. बसा भाऊ, जेवून जा. आत्ता गरम करते."