मामांचं कोहळं

मी माझ्या मामांचं कोहळं चोरलं आणि देवाला वाहिलं, हे आधीच सांगून टाकतो. नाहीतर मामांच्या गमती सांगता सांगता मी पुन्हा त्यांच्या आड लपेन. माफी मागण्यात मामांचा हात धरणारा माणूस साऱ्या वऱ्हाडात झाला नाही, आणि माफी मागायला माझ्याइतका उशीर लावणाराही दुसरा झाला नसेल. आश्चर्य म्हणजे आम्ही दोघे एकाच चुलीवर जेवलेले. आई गेली तेव्हा मी रांगत होतो. मामांनी मला वाढवलं, मिशनच्या शाळेत घातलं, आणि मी त्याच शाळेत मास्तर झालो त्या दिवसापासून "बापू" म्हणायचं सोडून चारचौघांत ऐटीनं "मास्तर" म्हणायला लागले.

मामांना दिवस उजाडला की माफी मागायला कोणीतरी लागे. ठेच लागली तर ते दगडाची माफी मागत. मोट हाकताना बैलावर ओरडले तर संध्याकाळी त्याच्या कानाशी जाऊन पुटपुटत. एकदा शेगाव स्टेशनावर एका वजनदार शेटजींनी त्यांचा पाय तुडवला, तर मामाच हात जोडून म्हणाले, "माफ करा, माहा पाय मधात आला." शेटजी घाबरून दुसऱ्या डब्यात जाऊन बसले. आणखी एकदा वडनेर भोलजीच्या एका गृहस्थाविषयी त्यांच्या मनात वाईट विचार आला. विचार आला बुलढाण्याच्या बाजारात. मामा घाट उतरून पायी वडनेरला गेले. त्या गृहस्थाला आश्चर्य वाटलं. "काय वाईट आलं मनात?" त्यानं विचारलं. मामांनी जसंच्या तसं सांगितलं. तोवर त्याचं मामांशी काही वैर नव्हतं. त्या दिवसापासून सुरू झालं. मामा मात्र परतले ते खुशीत. "त्यानं नाही केलं माफ," ते म्हणाले, "पन घाई नाही. वरच्याची दया काही चैतात आटनारी विहीर नोहे."

आमच्या ख्रिस्ती मंडळीत प्रभुभोजनाच्या आदल्या शनिवारी तयारीची सभा भरे. ज्याचं कोणाशी वाकडं असेल त्यानं उठून माफी मागायची आणि दुसऱ्या दिवशी मोकळ्या मनानं भाकरीला हात लावायचा, असा रिवाज. इतरांचं दोन वाक्यांत आटपे. मामा उभे राहिले की बायका पदर सावरत आणि पुरुष छताकडे पाहत, कारण मामा माफी मागत ती स्वतःच्या पापाची, पण उघडं पडे दुसऱ्याचं. "मंगळवारी मी बायबलबाईच्या घरावरून चाललो होतो. मिशरीचा वास आला. माह्या मनात आलं, बाई लोकाईले उपदेश करते अन् घरात मिशरी लावते. असं वाईट मी मनात आनलं. बाई, मले माफ करा." घरोघर बायबल वाचून दाखवणाऱ्या या बाई लाल होऊन माफ करीत, करतील काय? पाद्रीसाहेबांच्या खानसाम्याकडे वळून ते म्हणाले, "साहेबाच्या घरची कोंबडी तुमच्या पातेल्यात दिसली, अन् मले हेवा वाटला." "बसा ना मामा खाली!" खानसामा ओरडला. "बसतो. पन आधी माफ करा."

आता माझी गोष्ट. मी नवा मास्तर, आणि नोकरी कायम करायची की नाही हे साहेब सुगीच्या सणानंतर ठरवणार होते. त्यांनी शाळेमागे वाफे करून दिले होते, आणि मुलांबरोबर मी स्वतः तिथं भाजी पिकवतो असं मी त्यांना छाती फुगवून सांगितलं होतं. खरी गोष्ट अशी की वाफ्यांना मी पाणी दिलंच नाही, आणि जे उगवलं ते शेळ्यांनी खाल्लं. सुगीच्या सणाला प्रत्येकानं आपल्या हातचं पहिलं पीक देवापुढं ठेवायचं. "मास्तर, रविवारी तुमचे पीक सर्वांस दिसेल," साहेब म्हणाले. शनिवारी भर दुपारी, मामा देऊळघाटला गेलेले असताना, मी त्यांच्या मळ्यात शिरलो आणि वेलावरचं सर्वांत मोठं कोहळं, म्हणजे पुण्याकडचे लोक ज्याला लाल भोपळा म्हणतात ते, तोडून उपरण्यात गुंडाळून शाळेच्या खोलीत आणलं. तिथं ते उलटं केलं आणि खालच्या अंगाला क्रूसाची खूण दिसली. मामा दर हंगामात एका कोवळ्या फळावर बाभळीच्या काट्यानं क्रूस ओरखडत. फळ वाढे तसा ओरखडाही वाढे, आणि शेवटी वीतभर पांढरा क्रूस उठून दिसे. ते कोहळं देवाचं. त्याला घरच्यांनीही हात लावायचा नाही. मी नेमकं तेच तोडलं होतं. खूण खरवडावी तर जखम आणखी दिसली असती. रविवारी मी खूण खाली करून ते वेदीपुढं ठेवलं.

मामा आले ते उपरण्यात मूठभर हिरव्या मिरच्या घेऊन; देवाच्या कोहळ्याच्या जागी घरचं दुसरं ठेवणं त्यांना पटलं नसावं. साहेबांनी माझ्या कोहळ्यावरच उपदेश केला. "मास्तरने देवास उत्तम ते दिले. काही लोक देवास मिरच्या देतात." मंडळी हसली. मामाही हसले. मग त्यांची नजर कोहळ्यावर गेली, तिथून माझ्यावर आली, आणि नंतर ते बराच वेळ स्वतःच्या मिरच्यांकडे पाहत बसले.

उपासना झाली की अंगणात त्या वस्तूंचा लिलाव होई. देऊळघाटचे बागवान चाचा दरवर्षी येत. मामांची भाजी बाजारात तेच घेत. त्यांनी कोहळ्यावर थाप मारली आणि थबकले. "मामू, ये कद्दू तो तुम्हारे बेल का दिखता है!"

मी चटकन साहेबांकडे पाहिलं. ते शेजारीच उभे होते.

"कद्दूसारखा कद्दू दिसते, चाचा. तुमी बोली बोला," मामा म्हणाले.

"पहले पलटा के तो देखूँ, नीचे से सड़ा तो नहीं?" म्हणत चाचांनी हात घातला. त्यांच्या आधी मामांनी दोन्ही हातांनी कोहळं उचललं, खूण पोटाशी धरली आणि चाचांच्या दुप्पट बोली केली.

"पागल हुए क्या? घर में इतने पड़े हैं!"

"भाच्यानं देवाले देल्लं," मामा म्हणाले, "मी नाही घेनार तं कोन घेईन?"

लोक मदतीला धावले. त्यांनी कोणाला हात लावू दिला नाही. दिवस भरलेल्या बाईसारखं ते कोहळं पोटाशी सांभाळत, मागं झुकून, एकेक पाऊल टाकत मामा घरी गेले. सगळे हसत होते. मी हसलो नाही, एवढंच काय ते माझ्या बाजूनं सांगता येईल.

माझी नोकरी कायम झाली. पुढची तयारीची सभा आली. मामा उठले तेव्हा मी बाक घट्ट धरला होता. त्यांनी एका कावळ्याची माफी मागितली. मग लिलावात त्यांच्या मिरच्या घेतलेल्या साहेबांच्या मडमेची. "मिरच्या लय तिखट होत्या, बाईसाहेब." आणि खाली बसले. त्याच्या पुढच्या सभेतही तसंच, आणि त्याच्याही पुढच्या. मिशरीचा वास ज्या माणसाच्या पोटात टिकला नाही, त्याच्या पोटात माझं कोहळं वर्षानुवर्षं टिकलं. मी मोकळा व्हायला हवा होतो. पण सभेच्या प्रत्येक शनिवारी मला नव्यानं वाटे, आज बोलतील. आज नक्की. शेवटी मला त्यांचाच राग यायला लागला. मी त्यांच्याकडे जेवायला जायचं सोडलं. ते समोरून दिसले की मी वाट बदलायचो, आणि मामा रस्त्याच्या पलीकडून ओरडायचे, "मास्तर, घाई नाही!" लोकांना वाटे, म्हातारा भाच्याला जपून चाल म्हणतोय.

मागच्या हिवाळ्यात मामांनी खाट धरली. त्यांना प्रभुभोजन घरीच द्यायचं ठरलं, म्हणून तयारीची सभाही त्यांच्या अंगणात भरली. कान पार गेले होते, पण उशीला टेकून मामांनी सगळ्यांची माफी मागितली. बायबलबाईंची, खानसाम्याची, खाटेचीसुद्धा. मग इकडेतिकडे पाहत म्हणाले, "अन् बापू."

कित्येक वर्षांनी ती हाक ऐकली.

"माह्यानं एक पाप झालं. एक गोष्ट मी झाकली. मले वाटलं, झाकली का तू मोकळा होशीन. पन तवापासून तू माह्या घरी जेवाले आला नाही. माहंच चुकलं असंन. मले माफ कर."

"काय झाकलं, मामा?" बायबलबाई पुढं सरकल्या. मामांनी डोळे मिटून घेतले आणि दोन्ही हात गोधडीवर, पोटाशी, घट्ट धरले. अजूनही ते खूण दाखवायला तयार नव्हते.

मी उठलो. "मामा, सुगीच्या सणाचं ते कोहळं तुमचं होतं."

"काय म्हनतो? जोरात बोल बापू, कान गेले माहे."

"कोहळं!"

"कोनाचं?"

कोणीतरी हसलं. कुंपणापलीकडे रस्त्यानं जाणारे थांबले. शाळेतली पोरं, त्यांचे आईबाप, सगळे ऐकत होते, आणि मी घसा फोडून ओरडलो, "तुमचं! मी चोरलं, मामा! तुम्ही देवासाठी राखलेलं मी चोरलं, आणि तुम्हाला मिरच्या घेऊन बसवलं!"

मामांनी ऐकलं की नाही, मला आजही ठाऊक नाही. ते फक्त कण्हत खाटेवर थोडे सरकले आणि माझ्यासाठी जागा केली. मी तिथं बसलो, त्यांच्या कानाशी तोंड नेलं आणि, आता ओरडायची गरज नव्हती, हळूच म्हणालो, "मला माफ करा, मामा."