वगळलेली धून

मुलांनो, बुलढाण्यात मी आम्हा म्हाताऱ्यांसाठी जॅझच्या इतिहासाचा वर्ग घेते. परवा गाणी निवडताना अंत्ययात्रेत वाजणारी एक धून मी वगळली. या वयात ती ऐकायला नको, असं वर्गात सांगितलं, तर मागच्या खुर्चीवरून देऊळघाटचे एक गृहस्थ बोलले. पूर्वी ते लग्नाच्या बँडमध्ये ट्रम्पेट वाजवत.

"काऊन बाई, मरणाले आम्ही भेतो का? म्हाताऱ्याच्या मौतीत आमच्याकडं बँड लावतात. जवान गेला तं नाही लावत. माह्या पोराले मुक्यानंच न्या लागलं."

मी ती धून लावली. डोळे मिटून ते ट्रम्पेटच्या कळा दाबाव्यात तशी तीन बोटं गुडघ्यावर चालवू लागले. धून संपली, तरी बोटं चालूच होती. पुढचं गाणं मी लावलं नाही.