ठिपके काढायचे नाहीत

मेडिकल कॉलेज मी पहिल्याच वर्षी सोडलं, पण तिथले किस्से मला सोडत नाहीत. मोठी माणसं ठामपणे काहीतरी बोलली, की माझ्याकडे आणखी एक किस्सा जमा!

*

नव्वदचं दशक संपत आलेलं. प्रॅक्टिकलला मायक्रोस्कोपखाली मेंदूची स्लाइड. दिसेल ते गुलाबी-जांभळ्या पेन्सिलींनी काढायचं. मोठ्या चेतापेशींभोवती मला बारीक जांभळे ठिपके दिसले. मी सगळे काढले.

सरांनी पानावर काट मारली. "ठिपके काढायचे नाहीत. जर्नल घाण दिसतं!"

"पण सर, स्लाइडमध्ये आहेत."

"ग्लिया आहेत ते. पॅकिंग! परीक्षेला येत नाही."

एवढा माल नुसता पॅकिंगला? मला तिथेच संशय आला. घरी ताईला सांगितलं, तर ती पोट धरून हसली.

*

त्याच वर्षी ताईला एका डोळ्याने धूसर दिसायला लागलं. काही आठवड्यांनी आपोआप बरं. मग पायाला मुंग्या. आमचे काका नाशिक रोडला नोटांच्या प्रेसमध्ये छपाईतले दोष पकडायचे. त्यांनी हाही पकडला. "स्थळ आलं की हिला मुंग्या येतात!"

ताई म्हणाली, "नाही काका, स्थळ बघून झोप येते."

*

मी भर वर्गात सरांना ताईच्या डोळ्याचं आणि मुंग्यांचं विचारलं. सर म्हणाले, "डोळा आपोआप बरा झाला ना? मग न्यूरॉन शाबूत. मनाचं आहे. लग्न करून टाका."

सर आणि काका एकाच कॉलेजचे असणार!

"आणि सर, पॅकिंगच बिघडलं असेल तर?"

वर्ग हसला. मी बॅग उचलली, ती परत ठेवलीच नाही.

*

ताई गंगापूर रोडला जिन्यात पडली, तेव्हा कुठे एमआरआय झाला. मेंदूत पांढरे डाग. न्यूरोलॉजिस्ट बाई म्हणाल्या, "हिची प्रतिकारशक्तीच चेतातंतूंवरचं आवरण कुरतडतेय. ते आवरण ग्लिया पेशी बनवतात. इतका उशीर का केलात?"

काकांनी फिल्म खिडकीशी धरली. "छपाईत दोष आहे. दुसरी काढायला लावा!"

*

बातमी कॉलेजात पोचली. सर सफरचंदं घेऊन घरी आले. ताईच्या हातात एव्हाना काठी आलेली. सरांनी फिल्म उजेडात धरली आणि त्यांचा चेहरा खुलला.

"फारच सुरेख दिसतायत डाग! कॉलेजला देता का? मुलांना दाखवतो."

ताईने फिल्म परत घेतली, पाकिटात सरकवली.

"नको सर. जर्नल घाण दिसेल."