पेशींवर पडलेले जंतू

"भामरे, हा लाल रंग कोणत्या पाण्यात बनवला?"

"नळाच्या, सर. त्या रबरी नळीने घेतलं."

"डिस्टिल्ड वॉटर का नाही?"

"जपून वापरा, असा लेखी आदेश आहे."

"कोणाचा?"

भामरे हातातली काच पुसू लागले. ते आमचे जुने तंत्रज्ञ.

"बोला."

"आपलाच, सर."

नव्वदचे दशक नुकतेच लागले होते. धुळ्यातील एका रुग्णालयाची प्रयोगशाळा माझ्याकडे होती. त्या आठवड्यात थुंकीचे पॉझिटिव्ह रिपोर्ट नेहमीपेक्षा जास्त निघाले, म्हणून मी स्लाइड पुन्हा तपासायला घेतल्या. मायक्रोस्कोपखाली होती ती दोंडाईच्याच्या सुमनबाईंची. त्या मिरचीच्या बाजारात देठ खुडत. तीन आठवडे खोकला. आदल्या दिवशी आम्ही क्षय ठरवला आणि सासूने आठ महिन्यांचा नातू त्यांच्याकडून काढून घेतला. दुपारच्या एस.टी.ने ती त्याला अमळनेरला, लेकीकडे नेऊन ठेवणार होती. व्हरांड्याच्या एका टोकाला सून औषधासाठी बसली होती, दुसऱ्या टोकाला सासू बाळ घेऊन.

क्षयाच्या जंतूला मेणासारखे आवरण असते. त्यावर चढलेला लाल रंग आम्लानेही उतरत नाही. त्यावरून आम्ही तो ओळखतो. पण पाण्यात वाढणारे त्याचे निरुपद्रवी भाऊबंदही तसेच रंगतात. फरक वागण्यात असतो. रोगजंतू फुप्फुसाच्या अस्तरपेशीला आधी चिकटतो. मग पेशी स्वतःच त्याला आपल्या पडद्यात लपेटून आत घेते. त्यामुळे थुंकीत तो पेशींच्या आत किंवा त्यांच्याच थरात सापडतो. सुमनबाईंच्या स्लाइडवर पेशी स्पष्ट दिसत तेव्हा जंतू अंधुक होत. फोकसचा स्क्रू किंचित फिरवला की जंतू स्पष्ट, पेशी अंधुक. म्हणजे ते पेशींच्या वर नुसते पडलेले होते. रंगातून आलेले.

हा संशय झाला, पुरावा नव्हे. मी एक कोरी काच घेतली आणि त्याच रंगाने रंगवली. लाल काड्या दिसल्या. नळी उभी चिरली. आत बुळबुळीत थर होता. मग डिस्टिल्ड पाण्यात ताजा रंग बनवला आणि सुमनबाईंचे दोन नवे नमुने तपासले. दोन्ही स्वच्छ. एक्स-रेही स्वच्छ.

रुग्णालयाच्या मुख्य साहेबांकडे गेलो. ते म्हणाले, "नवा रिपोर्ट द्या. कारण कशाला लिहायचं? लॅबची अब्रू जाईल."

"ती काल गेली, सर. आज बाळ जाणार आहे."

"तुमच्या जबाबदारीवर लिहा."

"माझीच आहे."

सासूने नवा कागद हातात घेतला, उलटसुलट पाहिला.

"तो कागद बी तुमनाच, हाऊ बी तुमनाच. मी कोनता खरा मानू?"

"हा खरा, आक्का. कालचा चुकीचा."

"चूक कोनी शे?"

"माझी. खाली तसं लिहून सही केली आहे."

"साहेब लोक सोतानी चूक लिखतस?" तिचा विश्वास बसेना. "वाची दाखाडा."

मी वाचले: 'प्रयोगशाळेच्या रंगात दूषित पाणी होते. ते माझ्या आदेशामुळे वापरले गेले. या बाईंना क्षय नाही.'

"आखो एक डाव वाचा."

पुन्हा वाचले. ती उठली, व्हरांडा ओलांडून गेली आणि बाळ सुनेच्या मांडीवर ठेवले. "ले वं, तुना पोऱ्या." पदर ओढून सुमनबाईंनी बाळाला पाजायला घेतले. मी आत गेलो.

खोकला मिरचीच्या धुळीचा होता. तोंडाला फडके बांधून काम करायला सांगितले. त्या आठवड्यातील बाकीच्या पॉझिटिव्ह रुग्णांना पत्रे पाठवून परत बोलावले. काहींना क्षय खरोखरच होता, काहींना नव्हता.

त्यानंतर मी निवृत्त होईपर्यंत आमच्याकडे दिवसाची पहिली स्लाइड कोरी रंगवली जाई. तिच्यावर काही दिसले, तर त्या दिवशी कोणालाही आजारी ठरवायचे नाही. हा आदेशही लेखी होता. फक्त तो देण्यापूर्वी मी नळी पाहिली होती.