उलटी ठेवलेली डहाळी

देवाकडे काही मागायला मला नेहमीच संकोच वाटत आला आहे. माणसांकडेही. आजारातून उठलेल्या आईने कुरखेड्याजवळच्या टेकडीवरच्या देवीला पायी जायचं ठरवलं, तेव्हा मी फक्त सोबत म्हणून निघाले. पायवाट छोटीच, पण खडकाळ आणि उभ्या चढाची. ती जंगलात शिरते तिथे फांद्यांचा एक ढीग आहे. येणारा-जाणारा वाटेच्या देवाला एक हिरवी डहाळी वाहून पुढे जातो. आईने सांगितलं म्हणून मीही एक ठेवली. मनात भाव असा काहीच नव्हता.

थोडं चढल्यावर आईला दरदरून घाम फुटला, हात थरथरू लागले, शब्द अडखळू लागले. तेव्हा कळलं, सकाळी तिने शुगरची गोळी घेतली होती आणि दर्शन होईपर्यंत उपास धरला होता. खाण्याची पिशवी खाली गाडीत राहिलेली, मोबाइलला रेंज नाही. तिला सावरत मी कसंबसं ढिगापर्यंत उतरवलं. तिथे ती बसलीच. तिला एकटीला टाकून धावत जाण्याचा धीर होईना.

तेवढ्यात दिसलं, माझ्या डहाळीवर आणखी दोन डहाळ्या होत्या, मोडलेली टोकं अजून ओली. म्हणजे कोणीतरी जवळच होतं. हाक मारायला हवी होती, आणि वर्गात कधी हातही वर न केलेल्या माझ्या गळ्यातून आवाज फुटेना. मी डोळे मिटले. देवी, एवढी एक हाक निघू दे.

"ओ बाई!"

"काऊन वं पोरी, काय झालं?" झाडांमागून दोन बाया आल्या, टोपल्यांत ताजी मोहफुलं. आईकडे पाहताच थोरलीने चार रसाळ फुलं तिच्या तोंडात घातली. "चाव माय, गोड हाये. देवी थांबते, पोट नाई थांबत!"

हळूहळू आईच्या नजरेत ओळख परतली. धाकटी मला म्हणाली, "केवढा बारीक आवाज तुहा! पाखरू बी नाई उडाचं." मग हसून सांगितलं, "डहाळी उलटी ठेवलेली दिसली, शेंडा खाली. म्हटलं, कोनी नवखं वर गेलं, वाट चुकन. म्हून इथीच मोहफुलं येचून राह्यलो."

मला रडू फुटलं; आईने ते पाहिलं नसल्यासारखं केलं. दर्शन त्या दिवशी खालूनच घेतलं. शरण जायला आधी श्रद्धा पक्की हवी, रीत नीट यायला हवी, असं मला वाटायचं. माझी तर डहाळीसुद्धा उलटी होती. तरी ती पोचली.