खंडेनवमीला उतरवलेला शाफ्ट

मी माझ्या मित्राच्या, तावडेच्या गाडीखाली आडवा होतो आणि माझ्या डोक्याशी त्याची आई खुर्ची टाकून बसली होती. विलेपार्ल्यातलं त्यांच्या चाळीचं आवार, खंडेनवमीची सकाळ. मी ज्या मरोळच्या गॅरेजमध्ये मेकॅनिक होतो, ते पूजेसाठी बंद. जॅक, पाने सगळं शेजाऱ्यापाजाऱ्यांकडून उसनं आणलेलं. दुपारी पूजा झाली की उद्यापर्यंत कुठल्याही हत्याराला हात लावायचा नाही, हे आईंनी आधीच बजावलं होतं.

"उद्या निघूचा आसा ना रे?" त्यांनी वरून विचारलं.

"दुखणं सापडलं तर निघाल, आई."

तावडेने ही जुनी गाडी घेतली ती आईसाठीच. त्यांचं खुब्याचं हाड मोडलं होतं, एसटीचा प्रवास बंद झाला होता. गावी त्यांची थोरली बहीण अंथरुणाला खिळलेली, तिला एकदा डोळे भरून बघायचं होतं. डॉक्टर म्हणाले, गाडीने जा, पण हादरे अजिबात नकोत. आणि ही गाडी चाळीसच्या वर गेली की सीटखालून थरथरायला लागायची. दोन गॅरेजवाल्यांनी हात मारून बघितला होता. फरक शून्य.

आता शाफ्ट म्हणजे काय, ते सांगतो. इंजिन पुढे असतं आणि या गाडीत ताकद हवी मागच्या चाकांना. ती पोचवणारा गाडीच्या पोटाखालचा लांब लोखंडी पाइप म्हणजे शाफ्ट. त्याच्या दोन्ही टोकांना एकेक वळणारा सांधा असतो, त्याला आम्ही क्रॉस म्हणतो. पाइप अखंड नसतो. एका तुकड्याचे दात दुसऱ्यात सरकवलेले असतात, म्हणजे खड्ड्यात गाडी खालीवर झाली की शाफ्ट थोडा लांब-आखूड होऊ शकतो.

आमच्या धंद्यातला पहिला नियम असा, की काढण्याआधी खूण करायची आणि जसं होतं तसंच बसवायचं. मी खडूने रेघा मारल्या, बोल्ट काढले, शाफ्ट खाली घेतला, दोन्ही तुकडे वेगळे केले. क्रॉस हातात फिरवून बघितले. नवेकोरे, झकास. चाकं आधीच बघून झाली होती. मग ही थरथर येते तरी कुठून? मला काही चैन पडेना. तावडे म्हणाला, "चल यार, चहा मारून येऊ, डोकं चालेल."

परत आलो तर आईंच्या पुढ्यात स्टुलावर शाफ्टचे दोन्ही तुकडे, चाळीतल्या पोरांकडून उचलून घेतलेले. शेजारी रॉकेलचा डबा, हातात काथ्या. लोखंड घासून लख्ख केलेलं.

"आई, माझ्या खुणा गेल्या ना!"

"मळलेला लोखंड पूजेक ठेवतत काय रे?" त्या शांतपणे म्हणाल्या.

तावडेने कपाळावर हात मारला. "अगं, आता हे जुळवायचं कसं? वाट लागली ना सगळ्याची."

"तू गप ऱ्हव."

मी भडकलो होतो, पण म्हाताऱ्या माणसाला काय बोलणार? एक तुकडा उचलला आणि रागारागाने उन्हात धरला. लोखंडात कंपनीनेच कोरलेला एक बारीक बाण दिसला. दुसऱ्या तुकड्यावरही तसाच. वर्षानुवर्षं वाळून दगड झालेल्या ग्रीसखाली दोन्ही दडले होते. बाणाजवळ पंचने ठोकलेले खुणेचे ठिपके होते, ते मात्र आधीच्या कुणा मेकॅनिकच्या हातचे.

मी तुकडे ठिपक्यांप्रमाणे सरकवले. बाण जुळेनात. दोन दातांनी चुकत होते. म्हणजे कधीतरी कुणीतरी शाफ्ट चुकीचा बसवला होता. त्यानंतरच्याने त्या चुकीवरच खूण केली आणि जसं होतं तसं परत बसवलं. मीही तेच करणार होतो. शाफ्टच्या दोन्ही टोकांचे क्रॉस धरणारे भाग एका रेषेत हवेत. जरा तिरके झाले की वेग वाढेल तशी थरथर वाढते. दोन दातांचा फरक सहज डोळ्याला दिसत नाही.

बाणासमोर बाण आणून शाफ्ट चढवला. पूजेला अजून वेळ होता.

"मी पण बसतंय गाडीत," आई म्हणाल्या. "हाड माझा आसा, माकाच कळतला."

त्यांना उशी देऊन मागे बसवलं. तावडेने गाडी हायवेला घेतली. चाळीस. पन्नास. मी त्याच्या शेजारी, गाडीच्या तळाला तळहात टेकवून बसलो होतो. साठ. हाताला इंजिनची नेहमीची गुरगुर, बाकी काही नाही.

"आई, लागतंय का काही?" तावडेने विचारलं.

मी मागे वळून बघितलं, तर आईंची मान उशीवर कलली होती. त्यांना गाढ झोप लागली होती.

दुसऱ्या दिवशी ते गावी गेले. दोघी बहिणी भेटल्या.

मी अजून शाफ्ट काढण्याआधी खूण करतो. फक्त त्याच्या आधी रॉकेल आणि काथ्या घेऊन बसतो.